ब्रेकच्या पत्तीची गोष्ट

भोरहून महाडकडे जाणारा रस्ता नीरा देवघरच्या जलाशयाच्या कडेकडेने सह्याद्रीच्या माथ्यापर्यंत जातो आणि कावळ्या किल्ल्याजवळून एकदम कोकणात उतरू लागतो. हाच वरंधा घाट. एकदा हिवाळ्यात शिवथरघळ पाहण्यासाठी आम्ही चौघे शिक्षक या घाटाने खाली उतरलो. गाडी आमच्यातल्याच एका गुरुजींची होती. ते वेल्हे तालुक्यातल्या (या तालुक्याचे नाव आता राजगड झाले आहे) एका शाळेत शिकवतात आणि पावसाळाभर नसरापूरहून याच छोट्या मोटारीने शाळेत जा-ये करतात.

घाटाच्या पायथ्याशी माझेरीजवळ पोचलो तेव्हा गाडीत जळकट वास येऊ लागला. ब्रेकचे पायडल नेहमीपेक्षा खोल जात होते. गाडी थांबवून खाली उतरलो. पुढच्या उजव्या चाकाशी हात नेला तर साधारण ऊब लागली. डाव्या चाकाशी मात्र भट्टीच्या तोंडाशी नेल्यासारखी धग होती. तासभर थांबलो, चाक निवू दिले, आणि संध्याकाळी अगदी सावकाश घाट चढून भोरला परतलो.

दुसऱ्या दिवशी भोरमधल्या एका मिस्त्रींनी ते चाक उतरवले. ब्रेकचे दोन पॅड असतात, चकतीच्या आतल्या बाजूला एक आणि बाहेरच्या बाजूला एक. बाहेरचा पॅड जवळजवळ नवा होता. आतला मात्र घासून घासून लोखंडी पाठीपर्यंत आला होता आणि आपल्या खाचेत इतका घट्ट बसला होता, की तो हातोडीने ठोकून काढावा लागला. मिस्त्रींनी रिकामी खाच बोटाने चाचपली आणि विचारले, ‘‘सर, हितल्या पत्त्या कुठं गेल्या?’’

कसल्या पत्त्या, हे आम्हा चौघांनाही ठाऊक नव्हते. त्यांनी दुसऱ्या चाकातली एक काढून दाखवली. नखाएवढ्या रुंदीची, दोन-तीन ठिकाणी वाकवलेली, पातळ, चकचकीत पोलादी पत्ती. आठ-नऊ महिन्यांपूर्वी शहरातल्या एका गॅरेजमध्ये पॅड बदलले होते. तेव्हा नवे पॅड बसवताना कोणीतरी या चाकातल्या पत्त्या काढून ठेवल्या असाव्यात आणि परत बसवल्याच नसाव्यात. गाडी त्यांच्याशिवायही थांबत होतीच!

आम्हाला प्रश्न पडला तो असा. ही पत्ती चकतीला घासत नाही, गाडीचे वजन उचलत नाही, तेलाचा दाबही तिच्यावर येत नाही. मग ती नसल्याने एक पॅड जळून जावा आणि दुसरा कोराच राहावा, हे कसे? उत्तर शोधू लागलो तेव्हा लक्षात आले, की या पत्तीला मोठा इतिहास आहे आणि तो मोटारीच्याही कितीतरी आधी सुरू होतो.

घाटाचा हिशेब

इतिहासाकडे वळण्यापूर्वी थोडे गणित करू. समजा, माणसांसकट १,००० किलोग्रॅम वस्तुमानाची मोटार ६०० मीटर उंचीवरून खाली उतरली. तिची स्थितिज ऊर्जा १,००० × ९.८ × ६०० म्हणजे सुमारे ५९ लाख जूल इतकी कमी होते. पायथ्याशी मोटारीचा वेग माथ्यावर होता तेवढाच राहिला, तर ही सगळी ऊर्जा वाटेत कुठेतरी उष्णतेच्या रूपाने बाहेर पडलीच पाहिजे. एवढ्या उष्णतेने २७ अंश सेल्सिअस तापमानाचे सुमारे १९ लिटर पाणी उकळीपर्यंत नेता येईल. एक मोठी कळशी भरून पाणी झाले!

यातला काही भाग हवेचा रोध आणि टायरचे घर्षण खाऊन टाकते. काही भाग इंजिन खाते, म्हणूनच जाणते चालक सांगतात, की ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा. उरलेला सारा भाग ब्रेकच्या वाट्याला येतो. उतार सरळ असो की वळणाचा, या हिशेबात फरक पडत नाही. म्हणून ब्रेकचा इतिहास हा बऱ्याच अंशी उतारांचा आणि उष्णतेचा इतिहास आहे.

रथाची खीळ

कैकेयीची गोष्ट आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असते. देवासुरांच्या युद्धात दशरथाच्या रथाची खीळ निखळली. राजाच्या ते ध्यानात आले नाही. कैकेयीने त्या भोकात स्वतःचा हात घालून रथ सावरला आणि दोन वर मिळवले. वाल्मीकी रामायणात तिने जखमी राजाला रणांगणातून दूर नेऊन वाचवले एवढेच येते. खिळीचा प्रसंग अध्यात्म रामायणात आहे. गोष्ट पुराणातली असली तरी ती रचणाऱ्याला चाकाची रचना नीट ठाऊक होती, एवढे नक्की.

चाक आसाभोवती मोकळे फिरले पाहिजे. म्हणून आस आणि चाकाचे भोक यांत थोडी फट ठेवावीच लागते. पण फट ठेवली, की चाक बाजूला सरकून निसटण्याची भीती आली. आसाच्या टोकाला आडवे भोक पाडून त्यात खीळ घातली, की दोन्ही गोष्टी साधतात. चाक फिरते आणि बाहेरही येत नाही. संस्कृतात या खिळीला ‘आणि’ असा शब्द आहे आणि तो ऋग्वेदाइतका जुना आहे. (आपल्या ‘आणि’ या अव्ययाशी त्याची गल्लत करू नये.) रथाचे वजन आस पेलते. खीळ वजन पेलत नाही. तिच्यावर येतो तो फक्त चाकाच्या बाजूला सरकण्याचा जोर. म्हणून ती लहान असली तरी चालते. मात्र नसली तर चालत नाही.

येथे यंत्रांच्या इतिहासातला एक जुना पेच आपल्याला भेटतो. एखादा भाग हलता ठेवायचा, पण सैल होऊ द्यायचा नाही. आमच्या ब्रेकच्या पत्तीचा पेचही हाच आहे.

डोंगरातला फ्रूड

सपाटीवर गाडी थांबवणे फार अवघड नसते. बैल किंवा घोडे थांबले, की गाडी थांबते. उतारावर मात्र गाडीच जनावरांना ढकलू लागते. म्हणून युरोपातल्या डोंगराळ भागात घोडागाड्यांच्या चाकाखाली लोखंडी पादत्राणासारखी पाटी सरकवत. ते चाक मग न फिरता रस्त्यावर घासत जाई. मोटारीच्या ब्रेकमध्ये ‘शू’ हा शब्द आहे, त्यामागे या ओढत्या ‘बुटा’ची आठवण आहे. पुढे चाकाच्या धावेवर दाबायचे लाकडी ठोकळे आले.

इंग्लंडमधल्या डर्बीशायर परगण्यात, चॅपेल-एन-ले-फ्रिथ या गावाजवळ, हर्बर्ट फ्रूड नावाचा गृहस्थ राहत असे. हा सारा भाग चढउतारांचा. उतारावरचे गाडीवान ब्रेकच्या लाकडी ठोकळ्याला जुन्या बुटाचे चामडे लावतात, हे त्याच्या नजरेस आले, असे सांगतात. चामडे चांगले धरते, पण लांब उतारावर जळते. जळणार नाही आणि धरील, असा पदार्थ शोधण्याचे काम फ्रूडने हाती घेतले आणि १८९७ साली आपला धंदा सुरू केला. त्याच्या आडनावातली इंग्रजी अक्षरे आणि पत्नी एलिझाबेथच्या नावाचे आद्याक्षर यांची उलटापालट करून ‘फेरोडो’ हे नाव तयार झाले. आज ते जगभरच्या गॅरेजमध्ये परिचित आहे.

फ्रूडची पहिली अस्तरे कापडाचे थर राळेसारख्या द्रव्यात भिजवून केलेली होती. १९०८ च्या सुमारास त्याने त्यासाठी ॲस्बेस्टॉसचा धागा वापरला. हा खनिज धागा जळत नाही. म्हणून पुढची सात-आठ दशके ब्रेक म्हणजे ॲस्बेस्टॉस असे समीकरणच झाले. त्याची बारीक धूळ फुप्फुसांना घातक आहे हे पटल्यावर अनेक देशांनी त्यावर बंदी घातली. ब्रिटनमध्ये ती १९९९ साली पुरी झाली. ब्रेकमधली धूळ तोंडाने फुंकू नये, हे मात्र अस्तर कोणतेही असले तरी पाळावे.

ड्रमचा बंद डबा

१९०२ साली दोन गोष्टी घडल्या. फ्रान्समध्ये लुई रेनॉ याने ड्रम ब्रेकला आज ओळखता येईल असे रूप दिले. आणि इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर याने डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. दोघे एकाच वर्षी निघाले खरे, पण पुढची पन्नास वर्षे मोटारींत राज्य केले ते ड्रमने.

ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारा पातेल्यासारखा डबा. त्याच्या आत चंद्रकोरीसारखे दोन शू असतात. पायडल दाबले, की ते फाकतात आणि डब्याच्या आतल्या भिंतीवर घासतात. पायडल सोडले, की जाड स्प्रिंगा त्यांना मागे खेचतात. शिवाय प्रत्येक शू डगमगू नये म्हणून एक बारीक पिन, तिच्यावर छोटी स्प्रिंग आणि वर वाटीसारखा वॉशर असतो. म्हणजे सुटे भाग धरून ठेवणारे बारीक सामान येथेही आहे. फरक एवढाच, की ते सारे डब्याच्या आत, चिखलापाण्यापासून बऱ्यापैकी झाकलेले असते आणि शू मागे आणायला भक्कम स्प्रिंगा असतात.

१९१८ च्या सुमारास माल्कम लॉकहेड याने तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक सिद्ध केले. १९२१ च्या ड्यूसेनबर्ग मोटारीत ते चारही चाकांना बसवले गेले. बंदिस्त द्रवावरचा दाब सर्व दिशांना सारखाच पसरतो, हा पास्कलचा नियम आपण आठवी-नववीत शिकवतो. त्याचे इतके रोजचे उदाहरण दुसरे नाही.

ड्रमचा दोष उतारावर उघड होतो. डबा बंद असल्याने उष्णता आत कोंडते. शिवाय तापलेला ड्रम प्रसरण पावतो, म्हणजे त्याची भिंत शूपासून दूर जाते. जितके तापेल तितके पायडल खोल जाते आणि जितके खोल जाते तितका चालक आणखी जोर लावतो. लांब घाटात ‘ब्रेक लागेनासे होतात’, त्याचे हे एक कारण आहे.

उघडी चकती

लँचेस्टरची कल्पना याच्या उलट होती. चाकाबरोबर एक चकती फिरवायची आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरायचे. चकती उघडी असल्याने वारा लागून लवकर निवते. तापून जाड झालीच, तर ती पॅडच्या दिशेनेच फुगते. दूर जात नाही. विचार उत्तम, पण त्याने पॅडला तांब्याचे अस्तर लावले होते. ते धुळीच्या रस्त्यांवर लवकर झिजे आणि धातूवर धातू घासून असा कर्कश आवाज होई, की लोक कानांवर हात ठेवत. फ्रूडच्या ॲस्बेस्टॉस अस्तराने पुढे आवाज कमी झाला. तरी डिस्क ब्रेक मागेच पडले.

ते पुन्हा वर आले ते विमानांमुळे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जड आणि वेगवान विमाने छोट्या धावपट्ट्यांवर उतरवण्यासाठी चकतीचे ब्रेक वापरात आले. तेथून ते शर्यतीच्या मोटारींत आले. १९५३ साली फ्रान्समधल्या ल मान्स येथील २४ तासांच्या शर्यतीत डनलॉपचे डिस्क ब्रेक लावलेली जॅग्वार पहिली आली. तिचा सरासरी वेग ताशी सुमारे १७० किलोमीटर होता. तिला वळणापूर्वी इतरांपेक्षा उशिरा ब्रेक लावता येई आणि ते २४ तासांनंतरही लागत, हे तिच्या यशाचे एक मोठे कारण मानले जाते. १९५५ साली सिट्रोएन डी. एस. या सर्वसामान्यांच्या मोटारीला पुढे डिस्क ब्रेक आले.

आपल्याकडे रस्त्यांवर दीर्घ काळ अँबॅसडर आणि फियाट होत्या. त्यांचे ब्रेक ड्रमचे. पुण्याहून भोर-वेल्ह्याकडे जाणाऱ्या एस. टी. गाड्यांनाही ड्रमच असत. १९८० च्या दशकात मारुतीच्या छोट्या मोटारींबरोबर पुढच्या चाकांचे डिस्क ब्रेक मध्यमवर्गीय घरांत पोचले. आता तर ते मोटारसायकलींनाही सर्रास असतात.

उघडेपणाची किंमत

चकती उघडी केली, की उष्णता बाहेर जाते. पण ज्या वाटेने उष्णता बाहेर जाते, त्याच वाटेने चिखल आणि पाणी आत येते. ड्रमच्या बंद डब्यात नसलेला हा प्रश्न डिस्क ब्रेकच्या पॅडपुढे पहिल्या दिवसापासून होता.

दुसरी अडचण याहून बारीक आहे. ड्रममध्ये शूला मागे खेचणाऱ्या जाड स्प्रिंगा आहेत. बहुतेक डिस्क ब्रेकमध्ये अशी स्प्रिंग नसते. पायडल सोडले, की पॅड मागे कसा येतो? तेलाच्या दट्ट्याभोवती चौकोनी छेदाचे एक रबरी कडे असते. दट्ट्या पुढे जाताना हे कडे किंचित पिळवटते. दाब गेला, की ते पूर्ववत होते आणि दट्ट्याला मिलिमीटरच्या काही दशांशांइतके मागे ओढते. फिरणाऱ्या चकतीची अगदी सूक्ष्म डगमग पॅडला किंचित दूर सारते. सुटका होते ती एवढ्याच अंतराने आणि एवढ्याच हलक्या जोराने. म्हणून पॅड आपल्या खाचेत अगदी सहज सरकला पाहिजे.

आता जोराचा हिशेब पाहू. तीच १,००० किलोग्रॅमची मोटार प्रतिसेकंद ५ मीटर प्रतिसेकंद या दराने मंदावत असेल, तर एकूण ५,००० न्यूटन बल लागते. त्यातला सुमारे ७० टक्के भाग पुढच्या चाकांवर धरला, तर प्रत्येक पुढच्या चाकाला १,७५० न्यूटन. चाकाची त्रिज्या २५ सेंटिमीटर आणि पॅड घासतो ती जागा केंद्रापासून ९ सेंटिमीटर धरली, तर चकतीवर सुमारे ४,९०० न्यूटन, म्हणजे प्रत्येक पॅडवर सुमारे २,४०० न्यूटन बल येते. जवळजवळ २५० किलोग्रॅम वजनाचा जोर पॅडला चकतीबरोबर ओढून नेऊ पाहतो! बहुतेक रचनांत हा जोर झेलते ती ओतीव लोखंडाच्या चौकटीतली खाचेची भिंत.

म्हणजे एकाच पॅडकडून दोन परस्परविरुद्ध अपेक्षा आहेत. चकतीच्या फिरण्याच्या दिशेने तो जराही हलता कामा नये. चकतीकडे आणि चकतीपासून मात्र तो अलगद सरकला पाहिजे. रथाच्या चाकाचाच हा पेच, फक्त मापे मिलिमीटरच्या दशांशात उतरली आहेत.

बारीक सामानाची कामे

सुरुवातीच्या बऱ्याच डिस्क ब्रेकमध्ये पॅडच्या पाठीतून दोन पिना आरपार जात आणि टोकाला स्प्लिट पिन असे. पिना उपसल्या, की पॅड वरच्या वर काढता येत. पॅड निखळून बाहेर पडू नये, एवढेच त्या पिनांचे काम. रथाची खीळच ती!

पण खाचेत सरकायला फट ठेवली, की खडबडीत रस्त्यावर पॅड खडखडणार. म्हणून पिनांखाली एक पसरट स्प्रिंग आली. ती पॅडला हलकेच एका बाजूला दाबून ठेवते. हा दाब नेमका ठेवावा लागतो. कमी झाला तर खडखडाट, जास्त झाला तर पॅड अडकतो. अशी स्प्रिंग हूकच्या नियमाप्रमाणे वागते, तिचा ताण वाकण्याच्या प्रमाणात असतो. पण फार तापली किंवा मर्यादेपलीकडे वाकवली, तर ती कायमची मऊ पडते. जुन्या पत्त्या चपट्या करून पुन्हा वापरू नयेत, याचे कारण हेच.

पुढे छोट्या मोटारींत इंजिन आणि ओढणारी चाके दोन्ही पुढेच आली. चाकाच्या आत जागा उरली नाही. तेव्हा दट्ट्या एकाच बाजूला ठेवून कॅलिपरच सरकता करण्याची पद्धत रूढ झाली. या रचनेत पॅडच्या दोन्ही टोकांना कानांसारखे तुकडे असतात आणि ते चौकटीच्या खाचांत बसतात. कान आणि खाच यांच्या मधोमध जी पातळ पत्ती बसते, तीच आमच्या गाडीतून हरवलेली पत्ती.

ही पत्ती गंज न चढणाऱ्या पोलादाची असते. शेफिल्डच्या हॅरी ब्रेअर्लीने १९१३ साली असे पोलाद तयार केले. तोफा-बंदुकांच्या नळ्या आतून झिजू नयेत म्हणून तो मिश्रधातू तपासत होता. त्यातल्या क्रोमियममुळे पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिपातळ, घट्ट थर बसतो आणि खालचा धातू सुरक्षित राहतो. शेफिल्ड आणि फ्रूडचे गाव यांच्यामध्ये तोच डोंगराळ प्रदेश पसरला आहे. उताराच्या एका बाजूला ब्रेकचे अस्तर जन्मले आणि दुसऱ्या बाजूला पत्तीचे पोलाद, हा योगायोग लक्षात राहण्यासारखा आहे.

अशा रीतीने एवढीशी पत्ती तीन कामे करते. पॅडला गुळगुळीत, न गंजणारी वाट देते; स्प्रिंगसारखी दाबून त्याला खडखडू देत नाही; आणि चौकटीच्या लोखंडी खाचेची झीज स्वतःवर घेते. झिजली, की पत्ती बदलायची, चौकट नाही.

तिच्या जोडीला आणखी दोन भावंडे असतात. पॅडच्या पाठीवर चिकटवलेली पातळ चकती सूक्ष्म कंपने शोषून घेते. लँचेस्टरला छळणारा कर्कश आवाज तिने आटोक्यात ठेवला. दुसरी म्हणजे काही पॅडना असलेली वाकडी जीभ. अस्तर दोन-तीन मिलिमीटर उरले, की ती चकतीला टेकते आणि मुद्दाम किंचाळते. एक पत्ती आवाज बंद करण्यासाठी आणि दुसरी आवाज करण्यासाठी!

डाव्या चाकाचा उलगडा

आता आमच्या गाडीकडे परत येऊ. सर्व पुरावा आपल्या हाती आहे.

मिस्त्रींनी प्रथम कॅलिपर ज्या दांड्यांवर सरकतो त्या तपासल्या. त्या मोकळ्या होत्या. दोष तेथे नव्हता. पत्ती नसल्याने पॅडचे लोखंडी कान थेट ओतीव लोखंडाच्या खाचेत बसले होते. पत्तीची जाडी गेल्याने सुरुवातीला फट उलट वाढली असणार आणि वेल्ह्याच्या रस्त्यावर खडखड झाली असणार. गुरुजींना ती आठवलीही. ‘‘रस्ताच तसा आहे म्हणून सोडून दिलं,’’ ते म्हणाले.

मग पावसाळा आला. तोरणा-राजगडाच्या पायथ्याचा तो मुलूख. चार महिने पाऊस, रस्त्यावर लाल चिखल. खाचेत चिखल बसला आणि लोखंडाला गंज चढला. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून वाढलेली फट चिखलाने आणि गंजाने भरून गेली. आवाज बंद झाला! गुरुजींना वाटले, दुखणे आपोआप बरे झाले. प्रत्यक्षात पॅड अडकू लागला होता.

पायडल दाबले, की तेलाच्या मोठ्या दाबाने आतला पॅड पुढे जाई. सोडल्यावर मात्र त्याला खाचेतून मोकळे करणारे काहीच नव्हते, कारण रबरी कडे फक्त दट्ट्याला मागे ओढते. पॅड चकतीला टेकलेलाच राही, ब्रेक न लावताही घासत राही आणि तापत राही. बाहेरचा पॅड त्या मानाने मोकळा होता, म्हणून तो कोरा राहिला. सपाट रस्त्यावर ही धग वाऱ्याने निघून जात असे. वरंधा घाटात तिच्यात उताराच्या उष्णतेची भर पडली.

पायडल खोल का गेले, तेही सांगता येते. ब्रेकचे तेल हवेतली आर्द्रता शोषते. नेहमीच्या डॉट ३ प्रकारच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. पाणी शोषलेल्या तेलासाठी ही मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येते. तेलात कुठे वाफेचे बुडबुडे झाले, की पास्कलचा नियम असूनही पायडल पोकळ जाते, कारण द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. आमच्या बाबतीत ही सुरुवातच झाली असावी. घाट आणखी दोन-तीन किलोमीटर लांब असता तर काय झाले असते, याचा विचार आम्ही चौघांनी परतीच्या वाटेवर फारसा बोलून दाखवला नाही.

मिस्त्रींनी खाचा तारेच्या ब्रशने घासून स्वच्छ केल्या, दोन्ही बाजूंना नवे पॅड आणि नव्या पत्त्या बसवल्या, तेल बदलले. सगळ्या खर्चात पत्त्यांचा भाग नगण्य होता. जुना जळका पॅड गुरुजींनी मागून घेतला. तो आता त्यांच्या शाळेच्या प्रयोगशाळेत आहे.

वर्गात करून पाहा

हा सारा पेच दाखवायला मोटार लागत नाही. काड्यांची पेटी पुरे. पेटी रिकामी करून कानाशी हलवा. आतला खण बाहेरच्या वेष्टनात खडखडतो. आता जाड कागदाची एक अरुंद पट्टी मधोमध दुमडून, घडीची उघडझाप होईल अशी, खण आणि वेष्टन यांच्यामध्ये सरकवा. खडखड थांबते, तरी खण आतबाहेर सरकतो. ही झाली ब्रेकची पत्ती. एकाऐवजी तीन पट्ट्या घाला, खण अडकतो. दुसऱ्या एका पेटीचे वेष्टन ओले करून थोडा वेळ ठेवा. पुठ्ठा फुगतो आणि पट्टी नसतानाही खण अडकतो. ही झाली पावसाळ्यानंतरची खाच.

शाळेच्या आवारात डिस्क ब्रेकची मोटारसायकल उभी असेल, तर ती थंड असताना विद्यार्थ्यांना तिच्या कॅलिपरच्या फटीतून आत पाहू द्या. चकती, दोन पॅड, पॅड धरणारी पिन आणि बहुधा पातळ पत्तीची कड दिसेल. प्रत्येक भागाबद्दल तीन प्रश्न विचारता येतील. हा भाग कोणत्या दिशेने हलला पाहिजे? कोणत्या दिशेने हलता कामा नये? आणि तो हलू नये याची काळजी कोण घेते? हेच प्रश्न मग बैलगाडीच्या चाकाला, दाराच्या बिजागरीला आणि कंपासपेटीतल्या कर्कटकालाही विचारावेत. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा एखादी खीळ, पिन नाहीतर पत्ती असते.

आणि घरी कोणाच्या गाडीचे पॅड बदलायचे असतील, तर विद्यार्थ्यांनी मिस्त्रींना एवढे अवश्य विचारावे, की जुन्या पत्त्या किती निघाल्या आणि नव्या किती बसल्या. दोन्ही आकडे जुळले पाहिजेत.